खोडदच्या दुर्बिणीतील अंकीय संकेत-प्रक्रिया : यंत्र आणि आज्ञावली यांची विभागणी

नाशिक-पुणे मार्गावरील नारायणगावाच्या पूर्वेस खोडद हे गाव आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तेथे उभी राहिलेली ‘जायंट मीटरवेव्ह’ रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांचा समुदाय होय. थाळ्यांनी टिपलेले क्षीण संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती केंद्रात येतात. तेथे प्रत्येक दोन थाळ्यांच्या संकेतांचा गुणाकार केल्यावाचून आकाशाचे चित्र हाती लागत नाही. अशा जोड्या ४३५ होतात. हा गुणाकार यंत्राने करावा की आज्ञावलीने, या प्रश्नास तेथे तीन निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

पहिला सहसंबंधक खास घडविलेल्या चिपांचा होता व त्याचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता. सुमारे २०१० साली तेच कार्य बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे आले. आता रीत बदलावयाची तर चिप बदलण्याचे कारण उरले नाही. पुढे पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला, तेव्हा मात्र दोहोंची सांगड घालावी लागली. प्रत्येक थाळीचे दोन ध्रुवण-संकेत धरल्यास ६० प्रवाह होतात. प्रत्येकातून सेकंदास ८० कोटी नमुने येतात. समान ध्रुवणांचेच गुणाकार मोजले, तरी ते सेकंदास ३४,८०० कोटी भरतात.

हे गुणाकार आज चित्रप्रक्रियक, म्हणजे जीपीयू, करतात. पडद्यावरील असंख्य बिंदूंचे रंग एकाच रीतीने, पण परस्परांपासून स्वतंत्रपणे काढण्यासाठी ही चिप जन्मास आली. वर्णपटातील प्रत्येक वारंवारतेचा हिशेबही तसाच स्वतंत्र असतो. येथे खरी अडचण गुणाकाराची नसून स्मृतीतून अंक आणण्याची आहे. चार-चार थाळ्यांचे दोन गट एकत्र घेतले, तर आठ अंक आणून सोळा गुणाकार होतात. एकेक जोडी घेतली असती, तर बत्तीस अंक आणावे लागले असते.

विलंबाची दुरुस्तीही दोन ठिकाणी विभागावी लागते. पूर्ण नमुन्यांइतका विलंब केवळ स्मृतीतील जागा सरकवून भरून निघतो. अर्ध्या नमुन्याची, म्हणजे ०.६२५ नॅनोसेकंदाची चूक मात्र पट्ट्याच्या वरच्या टोकास ९० अंशांचा कलाभेद निर्माण करते. तो फूरिये रूपांतरानंतर प्रत्येक वारंवारतेस योग्य कोनाने फिरवूनच काढता येतो.

एक कार्य मात्र जीपीयूकडे सोपवून चालत नाही. वीजवाहिन्यांतील ठिणगीचा आघात क्षणमात्र असतो. पण फूरिये रूपांतर होताच तो सर्व वारंवारतांत पसरतो आणि मग वेगळा काढता येत नाही. म्हणून तो रूपांतरापूर्वीच, नमुने घेणाऱ्या एफपीजीए चिपमध्ये गाळावा लागतो. या चिपेतील तार्किक जोडण्या घडणीनंतरही बदलता येतात, हे येथे सोयीचे पडते. गाळणीची मर्यादा सरासरीवरून ठरवावी, तर ठिणगी सरासरीलाच ओढून नेते. मध्यकावर तिचा तसा परिणाम होत नाही. मध्यकासाठी सर्व नमुने क्रमाने लावणे चिपेला जड जाते. परंतु आठ बिटांच्या नमुन्यास २५६ च किमती संभवतात. कोणती किती वेळा आली एवढे मोजले की पुरते.

गाळलेला नमुना परत मिळत नाही, ही यातील जोखीम होय. स्पंदताऱ्याचा अतिप्रखर स्पंदही क्षणिकच असतो, आणि केवळ उंचीवरून पाहिल्यास गाळणीला तो ठिणगीसारखाच दिसेल. म्हणूनच ही मर्यादा चिपेत कायमची कोरून न ठेवता निरीक्षणागणिक बदलता येईल अशी ठेवावी लागते.