इंजिनाचा दम राखणाऱ्या पिस्टनच्या रिंगा

कांद्याच्या पाण्याची पाळी आलेली असावी आणि विहिरीवरील डिझेल इंजिन सकाळच्या थंडीत चालूच होऊ नये, असा प्रसंग अनेक शेतकऱ्यांवर येतो. अशा वेळी पहिला संशय डिझेलवर किंवा नोझलवर घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा पिस्टनच्या रिंगांत असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. वर येणारा पिस्टन हवेला दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शात आणतो. त्यामुळे हवा ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते व त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. हवा वाटेत निसटली, की ही उष्णता उत्पन्न होत नाही.

पिस्टन सिलिंडरात अगदी घट्ट बसविता येत नाही. तापल्यावर तो फुगून अडकेल. म्हणून थोडी फट ठेवून ती बिडाच्या रिंगांनी झाकतात. रिंग एका ठिकाणी तोडलेली व मोकळी असताना सिलिंडरच्या व्यासाहून मोठी असते. आवळून आत बसविल्यावर ती भिंतीला रेटून राहते. परंतु तिचा हा स्वतःचा ताण अल्पच होय. खरे काम वायूच करतो. वरचा वायू खाचेतील बारीक फटीतून रिंगेच्या पाठीमागे शिरतो, तिला खाचेच्या खालच्या कडेवर दाबतो आणि मागून भिंतीवर रेटतो. जळणाचा दाब जितका अधिक, तितकी रिंग घट्ट. निसटू पाहणारा वायू आपली वाट आपणच बंद करतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे!

यावरूनच खाचेच्या स्वच्छतेचे महत्त्व ध्यानात येईल. काजळीने रिंग खाचेत चिकटली, की वायूला तिच्यामागे जाता येत नाही आणि चांगली रिंगही कुचकामी ठरते. खाच न खरवडता नवी रिंग चढविणारा मिस्त्री शेतकऱ्याचा पैसा वाया घालवितो, असेच म्हटले पाहिजे.

दोष कोठे आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यासही पाहता येते. डिझेल बंद करावे, व्हॉल्व्ह मिटलेले ठेवून हँडल सावकाश फिरवावे व ते घट्ट धरावे, कारण ते उलटा झटका देते. चांगले इंजिन हाताला जोराने अडविते. ते सहज फिरले व तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली, तर रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. धुराच्या नळीत आवाज आला, तर व्हॉल्व्ह पाहावा.

नवी रिंग प्रथम नुसत्या सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजावी. १०० मिलिमीटर व्यासास ती साधारणपणे ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. तरी इंजिनासोबतच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. पिस्टन आत सोडताना सर्व रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत.