फुकट आलेलं मांजर

कुत्रा आणायचा म्हटलं की घरात केवढी चर्चा झडते! सकाळी फिरवणार कोण, गावाला गेल्यावर सांभाळणार कोण, खाणार किती... मांजराचं तसं नाही. ते आणावंच लागत नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी जिन्याखालून ‘म्यांव’ ऐकू येतं, तुम्ही वाटीभर दूध ठेवता, आणि दुसऱ्या दिवशी वाघाची मावशी तुमच्या पायपुसण्यावर खुशाल झोपलेली असते. झालं!

आमच्याकडे जुलै २०२२ मध्ये असंच एक पिल्लू आलं. तेही माझ्या मुलीच्या दप्तरातून. ती तेव्हा सातवीत होती. ‘‘बाबा, हिचा काही म्हणजे काही खर्च नाही. आपण जेवतो त्यातलंच खाईल,’’ असं तिनं दारातच जाहीर केलं. मीही मान डोलावली. माझ्या लहानपणी आमच्या पुण्यातल्या वाड्यात चार-पाच मांजरं असायची आणि त्यांच्यावर कुणी दमडी खर्च केल्याचं मला आठवत नव्हतं. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. त्यातलं एकही मांजर म्हातारं झालेलं मी पाहिलं नव्हतं. दरवर्षी नवी पिल्लं दिसायची, जुनी दिसेनाशी व्हायची. ‘गेलं असेल कुठं तरी,’ म्हणून मोठी माणसं विषय संपवायची. नीट सांभाळलेलं घरातलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, हे मला खूप उशिरा कळलं.

अंगावरच्या पिवळ्या ठिपक्यांमुळे पिल्लाचं नाव पडलं बुंदी. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे बुंदीला दूध-पोळी सुरू झाली. चार दिवसांत तिला जुलाब लागले! डॉक्टर हसले. म्हणाले, ‘‘मांजर दूध आवडीनं पितं, पण आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना ते पचत नाही. आणि नुसत्या पोळीवर तर ते जगूच शकत नाही.’’ टॉरिन नावाचा एक घटक मांजराला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. आता आली का पंचाईत! आजी दोन दिवस रुसली. शेवटी तह झाला: बुंदीचं खाणं बाजारातल्या तयार पाकिटातलं, तिची ताटली वेगळी, आणि ती गॅलरीतच ठेवायची.

त्या दिवशी मुलीनं शंभर पानी वही घातली. वर लिहिलं, ‘बुंदीचा जमाखर्च’. खर्चाच्या बाजूला कोरडं खाणं, जंताचं औषध, तिहेरी लस, रेबीजची लस असं भराभर लिहिलं जाऊ लागलं. जमेच्या बाजूला सहा महिन्यांत एवढंच: ‘झुरळं ७, पाल १, शेजारच्यांचा मोजा १ (परत केला).’

आता आमची चूक सांगतो. ऑक्टोबरमध्ये डॉक्टर म्हणाले, ‘‘हिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाका. साधारण चार हजार होतील.’’ दिवाळी नुकतीच झाली होती. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात घरात लग्न निघालं. मांजर पाच-सहा महिन्यांचं झालं की त्याला पिल्लं होऊ शकतात आणि पोटात ती जेमतेम दोन महिने असतात. मांजर काही आपल्या पगाराच्या तारखेसाठी थांबत नाही! मार्च २०२३ मध्ये माळ्यावरच्या जुन्या गादीवर बुंदीला चार पिल्लं झाली.

पहिले पंधरा दिवस काय मजा होती म्हणून सांगू! सगळी इमारत बघायला येऊन गेली. पण ‘घेता का?’ विचारलं की जो तो घड्याळ बघायचा. एका गृहस्थांनी सल्ला दिला, ‘‘मासळी बाजारात सोडून या. तिथं खायला भरपूर असतं.’’ तिथं आधीची मांजरं नव्यांना फाडतात, गाड्याही असतात. शिवाय पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. मुलगी त्यांना काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवली नाही.

पाच आठवड्यांनी सगळ्यांत लहान पिल्लाला उलट्या सुरू झाल्या. सलाईन लावलं, औषधं दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. डॉक्टर म्हणाले, या आजारावर लस आहे, पण ती सहा-आठ आठवड्यांचं झाल्यावरच देतात. आम्ही त्याला सोसायटीच्या कडुनिंबाखाली पुरलं. वहीत त्या दिवशीच्या औषधांची रक्कम आहे आणि खाली काहीच लिहिलेलं नाही.

दोन पिल्लांना घरं मिळाली. एक आमच्याकडेच राहिलं, त्याचं नाव शेव. मे महिन्यात मुलीनं बेरीज मांडली: आई-पिल्लांचं खाणं २४५०, वाळू ५४०, डॉक्टर आणि औषधं २१५०, लशी १२००. एकूण ६३४० रुपये. ऑपरेशनचे चार हजार भरावे लागलेच, ते वेगळे. मुलीनं वही माझ्यासमोर ठेवली. मी चष्मा पुसत बसलो.

पण सगळ्याच गोष्टींना पैसे पडतात असं नाही हं. नखं घासायला जुन्या फळीला काथ्या गुंडाळला की सोफा वाचतो. शीच्या ट्रेमध्ये चाळलेली साधी वाळू चालते. रोज साफ करणारा मात्र हवा! तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फी अगदी थोडी असते. मुंबईकरांना परळचं ‘बैलघोडा’ हॉस्पिटल ठाऊक असेलच. तिथं मांजरंही बघतात. आणि दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, अर्धीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. आणि मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. आई रागावेल ती रागावेल!

परवा शेजारच्या इमारतीतला एक मुलगा पार्किंगमधलं पिल्लू शर्टात घालून आमच्या दारात उभा. ‘‘ताई, हे पाळू का गं?’’ मुलीनं पिल्लाला आमच्याकडे खोक्यात ठेवून घेतलं आणि त्याच्या हातात वही दिली. ‘‘आईला वाचायला दे, मग ये.’’ चार दिवस तो फिरकला नाही. आम्हाला वाटलं, संपलं.

पाचव्या दिवशी वही परत आली. शेवटच्या पानावर त्याच्या आईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सरकारी दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो?’