नावामागच्या बायका : भाग ७
माद्लेन

मागच्या भागात आपण 'यमुना' हे नाव पाहिलं. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघीही माहेरी यमुना. लग्न झालं आणि ते नाव मागं राहिलं. आज मुद्दाम दूरचं नाव घेतो आहे. चुडाव्यात किंवा पूर्णेच्या बाजारात या नावाची बाई भेटणार नाही. पण या नावाच्या दोन बायकांनी आपल्याकडच्या खेड्यात आणि खेड्याच्या देवांत आयुष्याची कित्येक वर्षं घातली, आणि आपण त्यांना फारसं ओळखत नाही. म्हणून हा भाग.

माद्लेन हे फ्रान्समधलं जुनं नाव. इंग्रजीत तेच मॅडलिन होतं. मराठी बायबल वाचणाऱ्यांना मग्दालीया मरीया ठाऊक असेल. गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची ती मरीया. येशू पुन्हा उठल्यावर तो आधी तिला दिसला, असं योहानाचं शुभवर्तमान सांगतं. गंगाखेडचा माणूस बाहेरगावी गेला की गंगाखेडकर होतो, तसंच हे गावावरून पडलेलं नाव. २२ जुलै हा तिचा सणाचा दिवस.

फ्रान्समध्ये एकाच नावाच्या इतक्या बायका का सापडतात, याचं एक कारण कायद्यात आहे. १८०३ साली, नेपोलियनच्या अमदानीत, असा कायदा झाला की मुलाचं नाव चालू पंचांगांतल्या नावांतून किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसांच्या नावांतूनच ठेवायचं. पंचांगात प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी संत होता, त्यामुळं नावं ठरलेली आणि त्याच त्या नावांची पुन्हा पुन्हा उजळणी. पुढं हा नियम सैल होत गेला, पण आईबापांना खरी मोकळीक मिळायला १९९३ साल उजाडलं. आपल्याकडं बारशाला राशीचं अक्षर बघतात, आजीचं नाव परत ठेवतात. पण ते घरातलं बंधन झालं. नोंदणीच्या कचेरीत बसलेल्या कारकुनानं नाव नाकारावं, असं आपल्या आयाबायांवर कधी आलं नाही.

पहिली माद्लेन डॉक्टर होती. माद्लेन ब्रेस, जन्म १८४२. बाप गाड्या आणि चाकं घडवणारा कारागीर. पंधराव्या वर्षी लग्न झालं, नवरा घोड्यांच्या बसवर कंडक्टर. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण फ्रान्सच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला त्यासाठी नवऱ्याची संमती लागायची. ती मिळाली, शिक्षणमंत्री आणि खुद्द सम्राज्ञीनं शब्द टाकला, आणि १८६८ मध्ये तिला पॅरिसच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळाला. १८७०-७१ च्या हिवाळ्यात प्रशियाच्या फौजेनं पॅरिसला वेढा घातला. डॉक्टर पुरुष लढाईवर गेले, तेव्हा हिनं इस्पितळात त्यांची जागा सांभाळली. लढाई संपल्यावर रीतसर त्याच जागेसाठी अर्ज केला, तर नकार. बाईचं काम चाललं, बाई चालली नाही. तरी १८७५ मध्ये तिनं पदवी घेतलीच, आईच्या दुधावर आणि अंगावर पाजण्यावर प्रबंध लिहून. डॉक्टर झालेली ती पहिली फ्रेंच बाई. तोवर ती विधवा झाली होती आणि पदरी मुलं होती.

त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना त्यांचे नवरे गोपाळराव पुढं ढकलत होते, फ्रान्समध्ये कायदा नवऱ्याची सही मागत होता. दोन्हीकडं बाईच्या शिक्षणाचा दरवाजा नवऱ्याच्या अंगणातूनच जात होता, हे मला फार टोचतं.

आणखी दोघींची नावं घेऊन पुढं जातो. माद्लेन व्हियोने (१८७६ ते १९७५) लहानपणीच शिवणकामाला लागली आणि कापड तिरकं कापून अंगावर आपोआप बसणारे कपडे शिवायची पद्धत तिनं फॅशनमध्ये रुजवली. तिच्या पॅरिसच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांना पगारी रजा, दवाखाना आणि मुलांसाठी पाळणाघर होतं. ते त्या काळात दुर्मीळच. दुसरी मॅडलिन ऑलब्राइट, १९९७ मध्ये अमेरिकेची पहिली महिला परराष्ट्रमंत्री. तिचा जन्म प्रागचा, पाळण्यातलं नाव मारी याना. माद्लेन झाली ती स्वित्झर्लंडच्या शाळेत. तिचे वडील योसेफ कोर्बेल हे १९४८ मध्ये काश्मीरच्या प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगावर होते.

आता आपल्या दोघी.

माद्लेन बियार्दो, जन्म १९२२. तत्त्वज्ञान शिकली, मग संस्कृतकडं वळली, आणि १९५० नंतर वर्षानुवर्षं भारतात येत राहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पाँडिचेरीला पंडितांसमोर बसून तिनं ग्रंथ वाचले. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'च्या पहिल्या कांडाचा फ्रेंच अनुवाद केला. मात्र मराठी वाचकानं तिला ओळखावं ते दोन गोष्टींसाठी.

पहिली गोष्ट महाभारताची. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं देशभरातली हस्तलिखितं गोळा करून, ताडून, महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. हे काम १९१९ ला सुरू झालं आणि १९६६ ला पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची शिस्त घालून दिली. सगळं जग त्या कामापुढं नमत असताना बियार्दोबाईंनी १९६८ मध्ये हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की महाभारत तोंडातोंडी वाढलेलं आहे, जागोजाग वेगळं सांगितलं गेलेलं आहे. त्यातून एकच मूळ पाठ गाळून काढायची पद्धत इथं लागू पडत नाही. वि. म. बेडेकरांनी पुण्याहून त्याला उत्तर दिलं. वाद रंगला. भांडारकरांच्या पंडितांचे कष्ट डोंगराएवढे आहेत आणि त्यांची आवृत्ती नसती तर अभ्यासकाच्या पायाखाली जमीनच नसती. तरीही माझा कौल बाईंकडं थोडा झुकतो. आमच्या भागात महाभारत कीर्तनातून, पारावरच्या पोथीतून आलं. तिथं ऐकलेली एखादी गोष्ट चिकित्सक आवृत्तीत तळटीपेत गेलेली असते. म्हणून ऐकणाऱ्यासाठी ती खोटी होत नाही.

दुसरी गोष्ट पोतराजाची. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, मोकळे केस, हातात आसूड. बरोबर डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेतलेली बाई. आपण त्याला लहानपणी भ्यालो आणि मोठेपणी विसरलो. बियार्दोबाई आंध्र आणि तमिळ मुलखात हिंडल्या तेव्हा त्यांना तिथला पोतराजू दिसला. तो देवीचा राखणदार, रेड्याशी जोडलेला, आणि बऱ्याच ठिकाणी चक्क लाकडी खांबाच्या रूपात उभा. या खांबाचं नातं त्यांनी थेट वैदिक यज्ञातल्या यूपाशी, म्हणजे पशू बांधायच्या खांबाशी लावलं. १९८९ मध्ये त्यावर त्यांचं अख्खं पुस्तक आलं. त्याआधी १९८१ मध्ये शमीचं झाड आणि देवीपुढं बळी जाणारा रेडा यांच्यावर त्यांनी मोठा लेख लिहिला. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, तीच ही शमी. गावकुसाबाहेरचा देव आणि वेदातला यज्ञ यांना एका धाग्यात धरायची हिंमत या बाईनं दाखवली. यूपाचा तिचा दुवा सगळे अभ्यासक मानतील असं नाही. पण पोतराजाकडं ज्ञानाचा विषय म्हणून बघणं, हे मला मोलाचं वाटतं. २००२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, तिनं महाभारतावरचा दोन खंडांचा ग्रंथ काढला. २०१० मध्ये ती गेली.

दुसरी माद्लेन इंग्लंडात जन्मली, २२ नोव्हेंबर १८९२ ला. मॅडलिन स्लेड. वडील ब्रिटिश आरमारात मोठे अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबईला झाली तेव्हा तीही काही काळ मुंबईत राहिली, पण साहेबी वस्तीच्या बाहेरचा देश तिला दिसला नाही. तिचं वेड बीथोवनच्या संगीताचं. त्याच्यावर लिहिणारे रोमाँ रोलाँ यांना भेटायचं म्हणून ती फ्रेंच शिकली. रोलाँनी तिला सांगितलं की मी गांधींवर एक छोटं पुस्तक लिहिलंय. ते तिनं वाचलं आणि निघायची तयारी केली. मग स्वतःलाच थांबवून एक वर्ष सराव केला. मांस सोडलं, सूत कातायला आणि जमिनीवर बसायला शिकली. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमतीला पोचली. गांधीजींनी तिचं नाव मीरा ठेवलं.

बऱ्याच लिखाणात मीराबेन ही गांधींच्या मागं उभी असलेली गोरी शिष्या एवढीच उरते. हे अन्यायाचं आहे. वर्ध्याजवळच्या शेगावात, ज्याचं १९४० मध्ये सेवाग्राम झालं, गांधीजी राहायला गेले ३० एप्रिल १९३६ ला. तिथं आधी जाऊन राहिली होती ती मीराबेन. त्याआधी शेजारच्या सिंदीत तिनं गावाची घाण साफ करायचं काम केलं होतं. आज ज्या बापू कुटीपुढं लोक चपला काढतात, ती कुटी मुळात मीराबेनची. कूड, माती, बांबू, गावात मिळेल तेवढ्यात उभी केलेली. भिंतीवर मातीच्या उठावात ताडाची झाडं तिच्याच हातची. गांधीजी तिथं मागाहून राहायला आले.

तुरुंगही तिला महाराष्ट्रात घडला. १९३२ मध्ये मुंबईचा आर्थर रोड. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजी आणि महादेवभाई देसाईंबरोबर तिलाही धरलं आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथं सहाच दिवसांनी महादेवभाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. मे १९४४ ला सुटका झाली. पुढं ती हिमालयाच्या पायथ्याला गेली, गायीगुरांचं काम केलं, आणि तिथं तिला दिसलं की बांजाची (ओकची) रानं जाऊन चीड (पाइन) पसरतोय, म्हणून पाणी डोंगरात मुरत नाही आणि पूर वाढतात. हे तिनं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लिहिलं, चिपको आंदोलनाच्या कितीतरी आधी. १९५९ मध्ये तिनं भारत सोडला आणि पुढं व्हिएन्नाजवळ राहून पुन्हा बीथोवनकडं वळली. तिला पद्मविभूषण मिळालं, २० जुलै १९८२ ला ती वारली.

शाळेच्या सहली काढणाऱ्या आपल्या भागातल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पूर्णेहून अकोल्यामार्गे रेल्वेनं वर्धा गाठता येतं. मुलांना बापू कुटी दाखवाल तेव्हा तिच्या भिंतीवरचे ताड कुणी काढले आणि ही कुटी आधी कुणाची होती, तेही नाव घेऊन सांगा. मॅडलिन म्हणा की मीरा, दोन्ही चालेल.

(पुढच्या भागात : जनाबाई)