पंप फिरतो, पाणी फिरत नाही

थंडीच्या दिवसांत कोल्हापुरातल्या अपार्टमेंटमध्ये सकाळी सातला एक आरोळी हमखास ऐकू येते : 'सोलरला आज गरम पाणी न्हाई!' लगेच कुणीतरी निदान करतो, पंप गेला. वर्गणी निघते, नवा पंप येतो आणि आठवड्यानं पुन्हा बादलीत गार पाणी.

बंगल्यावरच्या शंभर-दोनशे लिटरच्या सोलरला बहुधा पंप नसतोच. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी जड म्हणून पॅनेलमध्ये उतरतं. त्यासाठी टाकी पॅनेलपेक्षा उंच लागते. अपार्टमेंटच्या गच्चीवर पॅनेलं पुष्कळ, टाकी मोठी आणि लांब. म्हणून तिथं छोटा पंप बसवतात. आपण कोल्हापूरकर पंप हॉर्सपॉवरवर तोलतो, उद्यमनगरच्या शेजारी राहिल्याचा तो परिणाम! पण हा पंप पाणी उपसत नाही. भरलेल्या पाइपांतलं पाणी नुसतं फिरवत ठेवतो. बऱ्याच ठिकाणी त्याला जुन्या एक-दोन बल्बांएवढीच वीज पुरते.

तपासणी उन्हाच्या दिवशी, दुपारी करावी. पॅनेलमधून निघणाऱ्या पाइपला झटकन बोट लावा. चटका बसेल, जपून. तिथं कढत आणि टाकीजवळ तोच पाइप गार, शिवाय पंपाचा आवाज चालू, तर पाणी अडलंय. बहुतेक वेळा पाइपला हवा धरलेली असते. 2019 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. असा खंड पडला किंवा टाकी धुवायला रिकामी केली, की हवा आत शिरते आणि सर्वांत उंच जागी अडून बसते. तिथला व्हॉल्व्ह उघडून ती सोडावी लागते. अशा वेळी पंप बंद ठेवा. यातल्या अनेक पंपांच्या बेअरिंगला पाणी हेच वंगण असतं. कोरडा चालला की तो खरोखरच जातो.

पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही, तर आत क्षार साचून तो जाम झालेला असतो किंवा कंडेन्सर गेलेला असतो. बोअरचं पाणी सोडणाऱ्यांना क्षाराची ओळख आहेच. हे काम मात्र वीज बंद करून इलेक्ट्रिशियननंच करावं. गच्चीवर ओल असते, अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

कडक उन्हातही पंप गप्प असेल, तर आधी सेन्सर पाहायला सांगा. पॅनेल टाकीपेक्षा काही अंशांनी जास्त तापलं, की तो पंपाला इशारा देतो. जागेवरून निसटला, तर त्याला ऊन कळतच नाही. काही ठिकाणी सेन्सरऐवजी साधा टायमर असतो. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं, वेळ मागे पडते आणि पंप रात्री चालून दिवसभराची ऊब पॅनेलांतून आभाळात सोडतो.

आणि संध्याकाळी टाकी कढत, पहाटे कोमट, असं रोज होत असेल तर? पंपाला हात लावू नका. रात्री दहाला पॅनेलचा पाइप चाचपा. तो गरम लागला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकीतलं गरम पाणी उलटं पॅनेलांत जातंय. नवा व्हॉल्व्ह पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. बसवताना त्याच्या अंगावरचा बाण मात्र पाण्याच्या दिशेनं आहे ना, ते प्लंबर गच्चीवर असतानाच बघून घ्या.