खारीच्या शिकारीआधी कागदावर बार का काढतात? ठासणीच्या बंदुकीचं गणित समजून घ्या

कोकणात ठासणीची बंदूक आजही काही घरांत दिसते, शेतीच्या राखणीसाठी मिळालेल्या परवान्यावर. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात हौसेखातर शिकार करता येत नाही, अगदी सशाचीही नाही. अमेरिकेत मात्र परवाना, हंगाम आणि रोजची मर्यादा पाळून खार आणि सशाची शिकार कायदेशीर आहे. आणि त्यासाठी मुद्दाम ही जुन्या पद्धतीची बंदूक वापरणारे हौशी लोक तिथे बरेच आहेत.

ही मंडळी हंगामाआधी एक मोठा कागद टांगतात आणि त्यावर बार काढतात. नेम तपासायला? तोही तपासला जातो. पण खरा प्रश्न असतो की, छर्रे किती पसरतात?

काडतूस आणि ठासणी, फरक काय?

काडतुसात दारू आणि छर्रे कारखान्यात मोजून भरलेले असतात. ठासणीच्या बंदुकीत हे काम शिकारी स्वतः करतो. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग पुठ्ठ्याची जाड चकती, त्यावर नमद्याचा मऊ डाट, मग छर्रे आणि ते सांडू नयेत म्हणून वर एक पातळ चकती. सगळं गजाने ठासायचं. यातली एक गोष्ट बदलली तरी छर्ऱ्यांचा पसारा बदलतो. एकाच कंपनीच्या दोन बंदुकाही अनेकदा एकाच मापाला सारखी साथ देत नाहीत. म्हणून मित्राचं माप आपल्याला चालेलच असं नाही.

कागदावर काय बघतात?

जगभर रूढ असलेली पद्धत अशी: ४० यार्डांवरून, म्हणजे साधारण ३६ मीटरवरून बार काढायचा, छर्रे जिथे सर्वात दाट बसलेत तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि आतली भोकं मोजायची. एका कागदावर भरवसा ठेवत नाहीत, कारण प्रत्येक बार थोडा वेगळा जातो.

आता हिशेब बघा. सहा नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात (सुमारे २८ ग्रॅम) साधारण २२५ बसतात. सरळ नळीच्या बंदुकीतून या अंतरावर त्यातले ४० टक्के, म्हणजे नव्वदेक छर्रे वर्तुळात येतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण वर्तुळ इतकं मोठं असतं की पोस्टकार्डाएवढ्या जागेत सरासरी दोन-तीनच छर्रे पडतात. खारीचं डोकं आणि छाती त्याहूनही लहान. म्हणजे नेम अचूक असूनही खार फक्त जखमी होऊन झाडाच्या ढोलीत शिरेल आणि तिथेच तडफडून मरेल. कागद हे आधीच सांगतो. म्हणूनच अनेक जण वीस-पंचवीस यार्डांवर पुन्हा कागद लावतात आणि त्यापलीकडे बार काढायचा नाही असं ठरवतात.

नळीचं तोंड किंचित अरुंद करून छर्रे एकत्र ठेवण्याची युक्ती, म्हणजे ‘चोक’, १८७० च्या दशकात रुळली. तोवर ठासणीच्या बंदुका मागे पडू लागल्या होत्या. शिवाय अरुंद तोंडातून डाट आत घालणं हीसुद्धा कटकटच.

मग दारू वाढवली तर?

इथेच नवखे फसतात. जास्त दारू म्हणजे जास्त मार, असं वाटतं. प्रत्यक्षात जोराच्या धक्क्याने मऊ शिशाचे छर्रे चेपतात आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. नळीबाहेर पडताना मागून आलेला वायू डाटाला छर्ऱ्यांच्या घोळक्यात ढकलतो. कागदावर मग कडेला भोकं आणि मधोमध मोकळी जागा दिसते. म्हणून दारू आणि छर्रे एकाच मापट्याने, सारख्या आकारमानाने घ्यायचे, ही जुनी सुरुवात आजही चालते. पुढे पसारा फार वाटला तर दारू थोडी कमी करून बघतात. वरची मर्यादा मात्र बंदूक बनवणाऱ्याने दिलेलीच.

आणि दारू काळीच हवी. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू भरली तर नळी फुटते, हात जातो. दारू डब्यातून थेट नळीत ओतत नाहीत, वेगळ्या मापट्यातून टाकतात. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर अख्खा डबा हातात पेटू शकतो. दुनळी बंदुकीत आणखी एक घोटाळा होतो: गप्पांच्या नादात एकाच नळीत दोनदा भरलं जातं. म्हणून गजावर खूण करून ठेवतात. गज आत घातला की खुणेवरून नळी भरलेली की रिकामी ते लगेच कळतं.

दिवस संपतो तो धुण्याने. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. त्यामुळे कागद गुंडाळले की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची आणि आतून तेलाचा हात फिरवायचा.