मोटार संघाचे सभासद व्हावे काय?



द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या पैशातून दिंडोरी तालुक्यात पुष्कळ घरांपुढे आज पिकअप किंवा मोटार उभी राहिली आहे. मोटार आली की तिच्यामागून कागदही येतात. त्यांत एक कागद असा असतो : वर्षाला इतकी वर्गणी भरा, आणि वाटेत गाडी बंद पडली तर आमचा माणूस मदतीला येईल. ही वर्गणी भरावी की न भरावी? सरसकट 'हो' किंवा सरसकट 'नको' असे याचे उत्तर नाही. परंतु ते घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन काढता येते.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या वारंवार बिघडत आणि दुरुस्त करणारा मेस्त्री विरळा सापडे. म्हणून मोटारमालकांनी एकत्र येऊन संघ काढले. अमेरिकेत १९०२ साली व इंग्लंडात १९०५ साली असे मोठे संघ निघाले. इंग्लंडातल्या संघाचे पहिले काम तर मोठे गमतीचे होते. वेग मोजण्यासाठी पोलीस कोठे दबा धरून बसले आहेत, हे सभासदांना आधी कळवायचे! पुढे रस्त्यावर गस्त, दुरुस्ती, नकाशे, मार्गदर्शक पाट्या अशी कामे त्याने अंगावर घेतली. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ साली स्थापन झाली. आता विमा कंपन्या, मोटारी बनविणारे कारखाने आणि खाजगी कंपन्याही हीच मदत निरनिराळ्या नावांनी विकतात.

म्हणजे हा सारा व्यवहार सामुदायिक वर्गणीचा झाला. शंभरांनी पैसे भरायचे, त्यांतल्या ज्या थोड्यांवर प्रसंग येईल त्यांच्या कामी ते यायचे. तेव्हा आपण त्या थोड्यांत किती वेळा असू, हा खरा प्रश्न.

आता हिशेबाकडे वळू. पण त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा. पहिली, जे फुकट मिळते त्यासाठी पैसे मोजू नका. अपघातात कोणी जखमी झाले तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना खुले आहेत. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक आहे. यांपैकी कशालाही सभासदत्व लागत नाही. दुसरी गोष्ट, जे तुमच्याजवळ आधीच आहे ते दुसऱ्यांदा विकत घेऊ नका. नव्या मोटारीबरोबर पहिली काही वर्षे कारखान्याकडूनच अशी मदत पुष्कळदा मिळते. विम्याच्या कागदावरही 'रोडसाइड असिस्टन्स' असे पुरवणी कलम असू शकते. पेटीतली पॉलिसी काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. एकाच कामासाठी दोन ठिकाणी पैसे भरणारे लोक थोडे नाहीत.

एवढे पाहून झाल्यावर गणित मांडा. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. त्यांच्या जागी तुम्ही आपले घाला. समजा, वर्गणी वर्षाला २,४०० रुपये आहे आणि बंद पडलेली गाडी टोचन करून नाशिकला न्यायला ४,८०० रुपये पडतात. म्हणजे दोन वर्षांतून एकदा टोचन करावी लागली तर वर्गणी फिटली. पण तुमची गाडी नीट ठेवलेली आहे आणि असा प्रसंग पाच वर्षांतून एकदाच येतो, असे धरा. मग पाच वर्षांत १२,००० रुपये भरून ४,८०० रुपयांचे काम झाले. तीच सोय विम्याच्या पुरवणी कलमात ४०० रुपयांत मिळत असेल, तर पाच वर्षांचे फक्त २,००० रुपये होतात. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. मुले घरी जाऊन वडिलांना पॉलिसी काढायला लावतील!

आता कोणी म्हणेल, सगळेच काही रुपयांत मोजता येत नाही. रात्रीची वेळ, गाडीत म्हातारी माणसे, आणि अनोळखी माणूस म्हणेल ती किंमत द्यायची वेळ, याचे मोल काय? हा प्रश्न रास्त आहे. यावरून सभासदत्वाचे खरे मर्म कळते. वणीच्या पंचक्रोशीत तुमची गाडी अडली तर ओळखीचा मेस्त्री आहे, भाऊबंद आहेत, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहे. तिथे तुमचा संघ आधीच उभा आहे आणि त्याला वर्गणी नाही. परंतु सापुताऱ्यापलीकडे गुजरातेत किंवा मुंबईच्या वाटेवर तुम्हांला कोण ओळखते? ज्याचा प्रवास परमुलखातला, त्याला वर्गणी उपयोगाची. ज्याचा प्रवास शेत ते बाजार, त्याला ती बहुधा जड जाते.

मात्र परमुलखातही मदत पोचली पाहिजे. म्हणून सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा, आणि तोंडी उत्तरावर न राहता ते कागदावर दाखवायला सांगा.

पहिला प्रश्न : माझ्या वाटेवर कोण येणार, आणि कोठून? 'साऱ्या भारतात सेवा' या शब्दांवर समाधान मानू नका. नांदुरीचा घाट, सुरगाण्याचा रस्ता अशी नावे घेऊन विचारा. दुसरा : टोचन किती किलोमीटरपर्यंत फुकट? वणीहून नाशिक सुमारे ४० किलोमीटर आहे. मर्यादा २५ ची असेल तर उरलेल्या १५ चे पैसे तुमचेच. तिसरा : वर्षातून किती वेळा बोलावता येईल? चौथा : सुटे भाग, पेट्रोल, टायर यांचे पैसे कोणाचे? बहुधा ते मालकाचेच असतात. फुकट असते ते येणे आणि मजुरी. पाचवा प्रश्न पिकअपवाल्यांसाठी फार महत्त्वाचा : मालवाहू गाडी या योजनेत बसते काय? अनेक योजना खाजगी मोटारीपुरत्याच असतात. आणि बसत असली तरी ते गाडी ओढतील, द्राक्षांचे क्रेट कोण उतरवणार? मालाची सोय आपली आपणच करून ठेवावी लागते.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी घाटात बंद गाडी दोराने ओढू नका. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारा जोर जातो, पायाखालचा ब्रेक दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. सप्तशृंगी गडाच्या घाटात २०२३ च्या जुलैत एस.टी. बस दरीत कोसळली होती. गाडी धडधाकट असतानाही त्या उतारावर सावधगिरी लागते, हे आपण जाणतोच. ऑटोमॅटिक गिअरची किंवा विजेवर चालणारी मोटार तर चाकांवर ओढण्यापेक्षा सपाट ट्रकवर चढवून नेणेच योग्य. त्यामुळे असली गाडी असेल तर टोचनच्या अटी दोनदा वाचा.

तेव्हा क्रम असा लावावा. प्रथम तृतीय पक्षाचा विमा. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याला पर्याय नाही. नंतर हवा भरलेली स्टेपनी, चालता जॅक, चांगली बॅटरी आणि वेळच्या वेळी देखभाल. त्यानंतर विम्याचे पुरवणी कलम. एवढे करूनही तुमचा प्रवास लांबचा, रात्रीचा किंवा एकट्याचा असेल, आणि पाचही प्रश्नांची उत्तरे मनासारखी मिळाली असतील, तर वर्गणी खुशाल भरा. ते पैसे वाया गेले असे समजू नका. नसतील तर तेच २,४०० रुपये दरवर्षी पोस्टात वेगळे ठेवा. गाडी अडली तर कामी येतील, न अडली तर नव्या टायरला होतील.