२६ सेंटीमीटरची पिंकी

पहाटे ४. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, म्हणजे मेलबर्न कपाची सुट्टी. घोड्यांच्या शर्यतीसाठी अख्खं शहर बंद ठेवतात, हे आमच्या राळेगावात कोणाला खरं वाटत नव्हतं. आपल्याकडे पोळ्याला बैलांसाठी सुट्टी असते तशीच समजा, म्हटल्यावर पटलं.

४.४०. गाडीत चौघे : मी, एक वणीचा, एक हिंगणघाटचा आणि एक कोल्हापूरकर. आइसबॉक्समध्ये गोठवलेले पिलचर्ड, आपल्या तारलीचे भाऊबंद. लहानपणी आमचं आमिष म्हणजे उकिरड्याखालचं गांडूळ, नाहीतर आईचा डोळा चुकवून उचललेला कणकेचा गोळा. "आमिषच तळून खाऊया की," हे कोल्हापूरकर दर खेपेला म्हणतो.

५.१५. मॉर्डिअ‍ॅलॉकचा धक्का. बादली उपडी घालून एक व्हिएतनामी आजोबा आमच्याआधी हजर. मान हलवतात, बोलत नाहीत. ओळख तीन वर्षांची, नाव अजून ठाऊक नाही.

६.१०. सूर्य पाठीमागून, घरांच्या बाजूनं वर येतो. समोर पोर्ट फिलिपचा उपसागर, सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा. पलीकडचा काठच दिसत नाही अशा पाण्यात गरी टाकायला मन सुरुवातीला घेईना. वर्धा नदीवर कसं, पलीकडे दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस बसलेला असतो आणि "लागली का बे?" असं ओरडून विचारता येतं. हिंगणघाटचा तो पलीकडचाच. इथे मात्र माझ्या शेजारी बसतो आणि सवयीनं तेवढ्याच जोरात बोलतो.

७.३०. माझ्या काठीचं टोक दोनदा टकटक हललं, मग एकदम वाकलं. स्नॅपर. वसंतात हे मासे अंडी घालायला खुल्या समुद्रातून या उपसागरात येतात. गुलाबी अंग, त्यावर निळे ठिपके, पाठीवरचा पंखा ताठ उभा. पट्टीवर निजवला, तोंडापासून शेपटाच्या टोकापर्यंत मोजला : २६. कायद्यानं २८ सेंटीमीटरच्या खालचा परत सोडायचा. छोट्या स्नॅपरला इथले लोक पिंकी म्हणतात. "माह्या मामेबहिणीचं नाव हाये बे ते," वणीचा पहिल्या दिवशी म्हणाला होता, तेव्हापासून आम्ही तिला मानानंच सोडतो. हात ओले करून, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही.

९. काही नाही.

१०.२०. अजूनही काही नाही, असं लिहिणार होतो तेवढ्यात फ्लॅटहेड लागला. चपट्या डोक्याचा, वाळूच्या रंगाचा, ३४ सेंटीमीटर. याची मर्यादा २७, म्हणजे हा आपला. गरी काढताना गालावरचा काटा अंगठ्यात शिरला. वर्धेच्या शिंगाळ्यानं एकदा असंच शिकवलं होतं. शिकलो नाही.

१२.४५. राळेगावात सकाळचे सव्वासात. फोनवर बाबा, वावरात निघायच्या बेतात. सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी झालेली, दुसरीला बाया मिळेनात. मासे धरायला लायसन काढावं लागतं, हे मी आज सांगून बसलो.

"समुद्राले बी ठेका रायते काय रे?"

त्यांचंही बरोबर. आमच्याकडे तलाव मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं जातो आणि पोरं गरी घेऊन दिसली की राखणदार दगड भिरकावतो. इथे ठेका नाही, माणशी परवाना. राखणदाराऐवजी गणवेशातला अधिकारी येतो, दगड मारत नाही, पट्टी मागतो.

"मंग, मासोया किती?"

"एक."

थोडा वेळ नुसता कावळा ऐकू आला.

"अन् गाडीले तेल किती लागलं?"

४. वणीच्याच्या घरी. एक मासा, चौघे जण, म्हणजे रस्साच वाढवायला हवा. ज्वारीचं पीठ कोरडं भाजून सावजी मसाल्यात घातलं, पातेलं काठोकाठ भरलं. कोल्हापूरकर त्याला पिठलं म्हणाला. मसाल्याचा हात अंगठ्याच्या जखमेला लागला आणि मी सिंकपाशी नाचलो.

५.३०. आमच्याकडे डोकं वयानं मोठ्याला. वणीचा माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. कोणी काही म्हणायच्या आत त्यानं ताट हळूच फिरवलं आणि डोकं स्वतःसमोर आणलं.